पुढचं ऑइल : २,२०,०००

गाडी आली की लगेच काडी ओढायची नाही.
इंजिन बंद करून थांबायचं थोडं,
वर चढलेलं तेल उतरू द्यायचं खाली,
जसं पाहुण्याला पाणी दिल्या दिल्या
आपण विचारत नाही, का आलास.
नंतर ओढायची. पुसायची. परत घालायची. परत ओढायची.
पहिली काडी खोटं बोलते,
हे मला कुंजुमोनने शिकवलं,
इब्रीच्या सनायात, शेड नंबर अकरा,
पत्र्याला हात लागला तर कातडी तिथेच राहील
अशा दुपारी.

खल्फानची हायलक्स मी आवाजावरून ओळखतो.
पांढरी, मागे दोन बकऱ्या आणि गवताची पेंढी.
आज त्या आवाजात काहीतरी खडखडत होतं,
रिकाम्या डब्यात चार सुपाऱ्या हलवाव्यात तसं.
"बद्माकर," म्हणाला तो उतरताना.
त्यांच्या बाराखडीत प नाही,
आल्या दिवसापासून मी इथे थोडा बदमाश आहे.

काडी ओढली. पुसली. घातली. ओढली.
खालच्या खुणेच्याही खाली,
टोकाला नुसता एक थेंब,
बोटांत चोळला तर कणी लागणारा.
मी म्हटलं, चाचा, किती उशीर केलात.
त्याला राग नाही आला, नवल वाटलं.
हाताला धरून त्याने मला काचेपाशी नेलं,
कोपऱ्यात चिकटवलेली चिठ्ठी दाखवली,
आणि मीटर.
दोन, दोन, पाच, पाच, पाच, पाच.
"तू लिहिलंस. मी आलो."

अक्षर माझंच.
इथला माझा पहिला महिना, हातात अजून
देवळ्याच्या शाळेतली पाटी:
२,२०,०००.

त्यांचा पाच आमच्या शून्यासारखा दिसतो,
गोल, बंद, अंड्यासारखा,
आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका.
दोनाचे दोन त्याला ओळखीचे वाटले,
उरलेली चार शून्यं त्याने पाच पाच वाचली
आणि माझ्या अक्षरावर विसंबून
पाच हजार पाचशे पंचावन्न किलोमीटर
जास्तीची चालवली गाडी,
वादीतल्या गोट्यांवरून, खजुराच्या बागांतून,
लेकीच्या बाळंतपणाला नि परत,
मीटर जुळेपर्यंत.

माझा पगाराचा कागद कोणी असा वाचला असता तर.

खाली शिरलो. चौदाचा पाना.
बोल्ट सुटला, पण धार धरेना,
काकवीसारखं गोळा होत होत पडलं परातीत.
याच वाळूखालून, शंभरेक किलोमीटरवर,
असंच काळं वर आलं असेल पहिल्यांदा.
मधले काही महिने सोनेरी होऊन पाहिलं त्याने.
तिथून खल्फानचे पाय दिसत होते,
टाचांच्या भेगा, आमच्या वाडीतल्या कोणाच्याही असाव्यात अशा.
त्यांची वादी म्हणजे कोरडी नदी.
आमची वाडी म्हणजे सतरा घरं.
हेही मी पहिल्या महिन्यात चुकीचं ऐकलं होतं,
आणि विचारलं होतं, तुमच्या वादीत राहतात किती माणसं?
पूर आला की कोणीच नाही, म्हणाला होता तो,
आणि बराच वेळ हसला होता.

नवा फिल्टर, रबराला बोटाने तेल लावून.
नवं वायसर. पाच लिटर नवं तेल.
दोन मिनिटं चालू, बंद, थांबणं.
खडखड कमी झाली. गेली नाही.
ही आता राहणार, म्हणाला कुंजुमोन,
माझ्याकडे न बघता.
मी पैसे घेणार नव्हतो. त्याने मोजून दिले,
वर खजुरांची पिशवी, आणि सांगितलं,
चिठ्ठी तुझ्याच आकड्यांत लिही,
आता मला कळतं.

२,३०,५५५, मी लिहिलं.
तीन समजला. शून्य तर आता आयुष्यभर विसरणार नाही.
अडला तो आमच्या पाचावर.
बोनेटवरच्या धुळीत गिरवून दाखवला,
तर त्यानेही बोट टेकवलं शेजारी.
पहिला भलताच आला.
तळहाताने पुसला.
परत काढला.